त्याच कापडाचा धागा

रफूकाकांचा पाय मोडला तो शिडीवरून पडून नव्हे, स्टुलावरून पडून. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हे स्वतःहून सांगत आणि सांगताना ओशाळत, कारण शिडीवरून पडणारा माणूस निदान उंच तरी चढलेला असतो. वरच्या फळीवर गिऱ्हाइकाचा कोट होता. बायको म्हणाली होती, थांबा, मी काढून देते. पण काकांना थांब म्हटलं की हमखास घाई सुटायची. कोट हातात आला आणि स्टूल पायाखालून गेलं. पडतानाही त्यांनी कोट डोक्याच्या वर धरला होता, त्याला जमीन लागू दिली नाही. मांडीपर्यंत प्लास्टर चढवून डॉक्टरांनी घरी पाठवलं, तेव्हा काकांची पहिली तक्रार ही की कोटवाल्यानं याचं काडीचंही कौतुक केलं नाही.

घर दुसऱ्या मजल्यावर आणि दुकान खाली. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक काउंटर, त्यावर झुकलेला दिवा, मागे फळ्या आणि काउंटरच्या आत बसलेले काका. कुणी फाटका स्वेटर पुढे करून ‘जरा ठिगळ लावून द्या’ म्हणालं, की काका तो तसाच परत देऊन समोरच्या शिंप्याकडे बोट दाखवत. ठिगळ वेगळं, रफू वेगळं. रफूला धागा बाहेरून आणायचा नसतो. तो त्याच कपड्यातून काढायचा, आतल्या शिवणीतून, खिशाखालून, दुमडलेल्या काठातून, जिथून गेलेला कुणाला कळणार नाही. बाजारचा धागा रंगानं जुळतो आणि दोन धुण्यांनंतर आपले गुण उधळायला लागतो. ही विद्या त्यांना त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी दिली होती. आबांचा आणखी एक दंडक होता. रफू झालं की कपडा एकदा धुवायचा, वाळवायचा, मगच गिऱ्हाइकासमोर पसरायचा आणि विचारायचं, भोक कुठं होतं ते दाखवा. गिऱ्हाइकाला सापडलं तर पुन्हा उसवायचं.

एवढी विद्या गाठीशी, पण ती द्यायची कुणाला हा काकांचा जुना सल होता. एकच मुलगी. लहानपणापासून तिच्या हातात कायम चिमटी असायची, घड्याळ उघड, रेडिओ उघड, म्हणून तिचं नाव चिमटी पडलं आणि तेच टिकलं. तिची बोटं पाहून काका मनातल्या मनात खूष व्हायचे. अशी बोटं शिकवून येत नाहीत. पण सुई हातात दिली तर चार दिवसांत तिनं ती परत आणून ठेवली आणि म्हणाली, ‘बाबा, कापड उघडून आत बघायला काही नसतं.’ हे वाक्य काकांच्या जिव्हारी लागलं. पुढे ती लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागली, तिथं तिचं नावही झालं. काका मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिले की आमच्या घरातली सुई माझ्यापाशीच संपली. चिमटी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

काकांच्या आयुष्यात बायको आणि मुलीइतकंच मोठं आणखी एक माणूस होतं, त्यांची थोरली बहीण. ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कुठल्या शाळेत तिला खुणांची भाषा शिकवली गेली नाही, म्हणून ती आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून स्वतःचीच एक भाषा बनवली. पावसापासून परीक्षेपर्यंत, भांडणापासून भुतापर्यंत सगळ्याला खुणा. प्रत्येक माणसालाही खूण. काका लहानपणी आबांना सुई ओवून द्यायचे, म्हणून त्यांची खूण हवेत सुई ओवण्याची. चिमटीची खूण दोन बोटं मिटण्याची. आणि आबांची खूण वेगळीच होती. स्वतःच्या बाहीच्या काठाशी दोन बोटं न्यायची आणि तिथून एक न दिसणारा धागा ओढायचा. आबा गेले, काउंटरवर काका बसले, तेव्हा त्यांना वाटलं होतं की आता ही खूण आपल्याकडे येईल. ताईनं दिली नाही. डोकं पांढरं झालं तरी तिच्या लेखी भाऊ सुईच ओवत होता. काकांनी हे कधी बोलून दाखवलं नाही, पण आत कुठंतरी खुपायचं.

लग्नानंतर ताई दूरच्या शहरात गेली. नवरा वारल्यावर त्याच्या पुतणीनं तिला आपल्या घरी नेलं. पुतणी नर्स, मनानं चांगली, पण तिला ताईची भाषा यायची ती जेव, झोप, औषध घे एवढीच. मग चिमटीनं एक युक्ती केली. तिच्या दुकानात कुणीतरी टाकून दिलेला जुना, जाडजूड लॅपटॉप होता. तो तिनं मालकाकडून मागून घेतला, दुरुस्त केला, तारेचा एक कॅमेरा जोडला आणि काकांच्या खाटेशेजारच्या टेबलावर ठेवला. तिकडे पुतणीनं आपला कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. ही गोष्ट थोडी जुनी आहे. साध्या माणसांच्या फोनवर तेव्हा आवाज जायचा, चेहरा जायचा नाही. दर रविवारी भाऊ-बहीण एकमेकांसमोर बसून हातांनी गप्पा हाणायचे. चित्र अधूनमधून अडकायचं, पण दोघांना निवांतपणा होता. अडकलं तर अडकलं, पुन्हा सांगू.

काकांच्या पायाला प्लास्टर असतानाच पुतणीचा फोन आला. ताईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. टीव्हीच्या काचेला नाक लावून बसली तरच तिला दिसत होतं. डॉक्टरांचं म्हणणं, आता थांबण्यात अर्थ नाही, आणखी पिकला तर शस्त्रक्रिया अवघड होईल. तारीखही पुढच्याच आठवड्यातली मिळाली होती. पण ताई डोळ्याला हात लावू देत नव्हती. पुतणीनं खुणा केल्या, चित्रं काढली, हात जोडले. ताईला एवढंच कळलं होतं की डोळ्यावर पट्टी बांधणार आहेत. कान आधीच नाहीत, त्यात डोळेही बांधले तर उरलं काय? ती पुतणीकडे पाहीनाशी झाली. ‘मामा, तुम्ही सांगितलंत तरच ऐकेल,’ पुतणी म्हणाली. ‘दुसऱ्या कुणाचं ती ऐकणार नाही.’

काका ताडकन उठायला गेले आणि प्लास्टरनं त्यांना खाली बसवलं. प्रवासाचं नाव काढू नका, डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन मजले उतरून कुठं जाणंही शक्य नव्हतं. राहिला तो जुना लॅपटॉप. त्या दिवशी लगेच बोलायचा प्रयत्न केला, तर चित्राचे नुसते तुकडे. ताईला आधीच अंधूक दिसत होतं, त्यात भावाचा हात वर जायचा आणि थिजायचा, पुन्हा दिसायचा तो गुडघ्यावर. मधली खूण गडप. ताई वैतागून काचेवरून बोट फिरवत राहिली, जणू काच पुसली की भाऊ नीट दिसेल. काकांना ते पाहवेना.

चिमटीनं निदान लगेच केलं. लॅपटॉपमधलं बिनतारी कार्ड जुन्या काळातलं होतं, मंद आणि आता अर्धमेलं. तार लावायची जागा तर ते यंत्र घरी येण्याआधीच जळलेली. बाहेरून खोचायचं कार्ड लावून पाहिलं, पण ते आणि कॅमेरा एकाच अरुंद वाटेनं ये-जा करत, एक चाललं की दुसरं अडायचं. तेव्हा आतलं कार्डच बदलायला हवं. दुकानातल्या एका मेलेल्या लॅपटॉपमधून तिनं नवं, दणकट कार्ड काढून आणलं, बसवलं आणि बटण दाबलं. काळ्या पडद्यावर एक पांढरी ओळ उमटली आणि यंत्र तिथंच अडून बसलं. चिमटीनं ती ओळ वडिलांना वाचून दाखवली. कार्ड ओळखीचं नाही, काढा आणि बंद करा, अशा अर्थाची होती.

‘म्हणजे कार्ड खराब?’ काकांनी विचारलं.

कार्ड ठणठणीत होतं. चिमटीनं समजावलं, की यंत्र जागं होताना सगळ्यात आधी आतल्या एका छोट्या चिपवर लिहिलेलं वाचतं. त्याला बायोस म्हणतात. पंखा कधी फिरवायचा, पडदा कसा उजळायचा, सगळं त्यात. आणि या कंपनीनं त्यात एक यादीही घातली आहे, कुठली कार्डं आत घ्यायची त्याची. बाकीच्यांना दारातूनच परत. यंत्राच्या अंगात ताकद आहे, फक्त परवानगी नाही. काका म्हणाले, हे तर आपल्या घरातल्यासारखंच झालं, आणि बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्यांच्या प्लास्टरकडे पाहिलं.

तारीख जवळ येत होती. काका उठता-बसता विचारत, झालं का, झालं का. चिमटीनं इंटरनेटवर धुंडाळलं, तेव्हा कुणीतरी अगदी याच मॉडेलच्या बायोसमधली ती यादी काढून टाकून तयार फाइल ठेवलेली सापडली. ती दुकानात जाऊन तिनं चिपवर चढवली. संध्याकाळी घरी येऊन बटण दाबलं तर यंत्रानं नवं कार्ड मुकाट्यानं आत घेतलं. चित्र असं स्वच्छ की कॅमेऱ्यात काकांच्या बोटांवरचे सुईचे चट्टेसुद्धा दिसू लागले. काकांनी एकदाच विचारलं, ती फाइल कुणाच्या यंत्राची? अशाच एका यंत्राची, चिमटी म्हणाली. काकांच्या कपाळावर बारीकशी आठी आली. पण हा आपला प्रांत नव्हे असं म्हणून त्यांनी तो विषय सोडला, आणि वर स्वतःच घाई केली, लाव आत्ताच्या आत्ता, ताईला बोलाव.

ताई टीव्हीसमोर आली आणि तिचा चेहरा उजळला. भावाचे हात सलग दिसत होते. काकांनी आधी इकडचं तिकडचं विचारलं, पाय कसा मोडला ते सांगून तिला हसवलं. मग हळूहळू मुद्द्यावर आले. डोळा साफ करणार. दुखणार नाही. डोळ्यावर पट्टी बांधतील. काळोख होईल. पुढचं सांगायला त्यांनी हात उचलला. ‘पण एकाच डोळ्यावर, आणि काळोखातही तुझ्याशी बोलायला माणूस असेल’ हे सांगायला. तो हात अर्ध्यावर असताना लॅपटॉप विझला.

तिकडे ताईला काय दिसलं? पट्टी, काळोख, आणि मग खरोखरचाच काळोख.

लॅपटॉप पुन्हा सुरू करायला गेले तर त्याला हात लावता येत नव्हता, तव्यासारखा तापला होता. थोड्या वेळानं पुतणीचा फोन आला. ताईनं टीव्हीवर चादर टाकली होती, आपले कपडे पिशवीत भरले होते आणि अंगावर शाल घेऊन ती दारापाशी बसली होती. कुणी जवळ गेलं की तोंड फिरवत होती. काका घाबरले. आणि घाबरलेला माणूस बहुधा जवळच्यावरच तोंडसुख घेतो. तुझ्या या खोक्यानं माझ्या बहिणीला घाबरवलं, ते चिमटीला म्हणाले, त्यापेक्षा तुकडे तुकडे दिसत होतं ते बरं होतं. चिमटीनं लॅपटॉप उलटा केला, कान लावला आणि पुन्हा सुरू केला. मग म्हणाली, ‘पंखा फिरत नाहीये.’

फाइल याच मॉडेलची होती, पण ज्या यंत्राची होती त्याचा पंखा निराळा. पंखा कधी फिरवायचा ते त्या यंत्राच्या हिशेबानं लिहिलेलं. बाहेरून दोन्ही जुळी भावंडं, आतून नाहीत. आणि चिमटीनं घाईत दहा-पाच मिनिटं चालवून पाहिलं होतं, यंत्र तापेपर्यंत नाही.

हे ऐकलं आणि काकांचा राग जागच्या जागी बसला. दुसऱ्याच्या कापडातला धागा. आणि न धुताच गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला कपडा. आबांचे दोन्ही दंडक मोडले होते आणि दुसरा मोडताना घाई काकांचीच होती. एरवी चूक कबूल करायला त्यांना जड जायचं, पण त्या दिवशी ते सरळ बोलले. त्यांनी मुलीला जवळ बसवून घेतलं आणि रफूचा धागा कुठून घेतात ते सांगितलं. हे तिनं लहानपणापासून शंभरदा ऐकलं होतं, पण बहुधा त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं.

‘याचं स्वतःचं जे होतं, ते गेलं का आता?’ काकांनी भीत भीत विचारलं.

‘गेलं कसं? हात लावायच्या आधीच काढून ठेवलंय,’ चिमटी म्हणाली. ‘दोनदा वाचलं आणि दोन्ही वाचनं अक्षरन् अक्षर जुळवून पाहिली. त्याशिवाय मी चिपला हात लावत नाही.’

काका तिच्याकडे पाहत राहिले. उसवण्याआधी वीण नीट वाचून ठेवायची, हे त्यांनी तिला कधी शिकवलं नव्हतं. चार दिवसांत सुई परत करणाऱ्या पोरीला शिकवणार कधी?

दुसऱ्या दिवशी चिमटीनं सुट्टी टाकली आणि खाटेशेजारीच टेबल मांडलं. लॅपटॉप उलटा केला, एकेक स्क्रू काढला आणि ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं कागदावर मांडत गेली. आत नखाएवढी काळी चिप होती, दोन्ही बाजूंना बारीक पाय फुटलेली. दुकानातून मागून आणलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर तिनं मूळ बायोस उघडला. पडदाभर नुसती अक्षरं आणि आकडे, ओळीमागून ओळी. काकांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण उभ्या-आडव्या ओळी पाहून त्यांचं मन रमलं. चिमटीनं त्यात ती यादी शोधून काढली. यादी पुसायची नाही, पहारा उठवायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. यादीत एक असं कार्ड होतं जे तिनं आजवर कुठल्याच यंत्रात पाहिलं नव्हतं. त्याचा ओळखीचा आकडा काढायचा आणि बरोबर त्याच जागी आपल्या कार्डाचा आकडा भरायचा. लांबी तेवढीच. एक घर कमी नाही, एक जास्त नाही. इकडची तिकडची एकही ओळ हलता कामा नये.

‘जितके धागे गेले तितकेच भरायचे,’ काका पुटपुटले.

‘हो. आणि शेवटी काठ जुळवायचा.’ यंत्र सगळ्या आकड्यांची बेरीज करून पाहतं, जुळली नाही तर किंचाळत बसतं, म्हणून बेरजेचा आकडाही सुधारायचा. काठ हा शब्द तिनं आपणहून वापरला होता. काकांनी तो कानात जपून ठेवला.

आता लिहायचं होतं. दुसऱ्या लॅपटॉपला तारेनं जोडलेला एक छोटा चिमटा चिपच्या पायांवर बसवायचा आणि लिहून होईपर्यंत तो हलू द्यायचा नाही. पण चिमट्याची स्प्रिंग ढिली झाली होती, तो सारखा निसटत होता. चिमटीनं दातओठ खाऊन पाहिलं, उशीचा टेकू लावून पाहिला. काका म्हणाले, ‘दे इकडे.’ मोडका पाय खाटेवर सोडून ते टेबलावर वाकले आणि दोन बोटांत चिमटा धरला. आयुष्यभर एकेक धागा मोजून धरलेली ती बोटं, त्यांना थरथरणं ठाऊक नव्हतं. बायको चहा घेऊन आली तर दोघांनी तिला नजरेनंच थोपवलं. ती कप हातात घेऊन भिंतीपाशी उभी राहिली आणि चहा गार होताना पाहत राहिली. शेवटी चिमटी म्हणाली, ‘झालं. सोडा.’ काकांना बोटं उघडायलाच वेळ लागला.

स्क्रू लागले, बटण दाबलं. काळ्या पडद्यावर ती पांढरी ओळ उमटली नाही. कार्ड आत गेलं आणि पाठोपाठ खालून पंख्याची बारीक घरघर सुरू झाली. चिमटी फोनकडे वळली, तेव्हा काकांनी तिला अडवलं. आधी धुवायचं. दुपारभर त्यांनी ते यंत्र चालत ठेवलं, कॅमेरा लावून, समोर कुणी नसताना हात हलवत. मधूनमधून खालून हात लावून पाहायचे. शेजारीण काही मागायला आली, तर म्हातारा रिकाम्या भिंतीशी हातवारे करतोय हे पाहून काही न मागताच परत गेली. संध्याकाळपर्यंत यंत्र कोमटच होतं.

पण ताईला समोर आणायचं कसं? चादर टीव्हीवर तशीच होती. पुतणी फोनवर रडवेली झाली होती. काका तिला म्हणाले, तिच्या शेजारी जाऊन बस, आणि काही बोलायला जाऊ नकोस. फक्त तिच्या बाहीचा काठ दोन बोटांत धर आणि धागा काढतात तसं हळूच ओढ.

थोड्या वेळानं फोनवर पुतणीचा आवाज आला, की काकू उठल्या, चादर ओढली त्यांनी. त्या घरात ही खूण कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. बहिणीला कळलं होतं की हे भावाकडूनच आलंय आणि गोष्ट साधी नाही.

त्या संध्याकाळी काकांच्या हातांनी विश्रांती घेतली नाही. एकच डोळा, त्यांनी सांगितलं. दुसरा उघडा राहील. आणि काळोखाचं काय म्हणतेस, आपण लहानपणी वीज गेली की काय करायचो? ताईनं आपला तळहात पुढे धरला. तिला आठवत होतं. दिवे गेले की दोघं एकमेकांच्या तळहातावर बोलायची. मग काकांनी पुतणीला समोर बसवलं आणि त्या खुणा कॅमेऱ्यापुढे एकेक करून शिकवल्या. मूठ दाबली की मी इथंच आहे. तळहातावर गोल काढला की सगळं ठीक. अंगठा चोळला की डॉक्टर आले. पुतणी चुकली की ताई तिचा हात धरून दुरुस्त करत होती. शिकवता शिकवता तिची भीती कुठं गेली ते तिलाच कळलं नाही. चित्र एकदाही अडकलं नाही. शेवटी ताईनं पिशवी उघडून कपडे बाहेर काढले, अंगावरची शाल उतरवून ठेवली आणि हवेत सुई ओवून भावाला म्हणाली, बरं, तू म्हणतोस तर.

तारखेला शस्त्रक्रिया झाली. पुतणीनं नंतर सांगितलं, की पट्टी असताना ताईनं तिचा हात सोडला नाही आणि मधूनमधून स्वतःच तिच्या तळहातावर गोल काढून तिलाच धीर देत होती.

पुढच्या रविवारी ताई टीव्हीपासून चांगली लांब, खुर्चीत रेलून बसली होती. काका हात उचलणार तोच तिनं त्यांना थांबवलं आणि निरखून पाहिलं. हे डोकं एवढं पांढरं कधी झालं, तिनं विचारलं. शेजारी बसलेली तुझी बायको आहे तशीच आहे, तू मात्र पार म्हातारा दिसतोस. हे कळल्यावर काकांची बायको दिवसभर खुशीत होती. मग ताईनं त्या दिवशी काळोख का झाला ते विचारलं, आणि काकांनी सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या कापडाचा धागा, त्याच कापडाचा धागा, जितके गेले तितके भरले, काठ जुळवला. त्यांच्या भाषेत यंत्राला शब्द नव्हते, रफूला सगळे होते. त्यामुळे काही अडलं नाही.

ताई पुढे झुकली. ते खोकं दाखव म्हणाली. काकांनी कॅमेरा उचलून लॅपटॉपभोवती फिरवला, वरून, कडेनं, बटणांवरून, मग तो जरा उचलून खालूनसुद्धा. ताई नव्या डोळ्यानं शोधत होती, आबा गिऱ्हाइकासमोर कपडा पसरत तेव्हा गिऱ्हाईक शोधायचं तसं. बराच वेळ शोधलं. मग तिनं हात उघडे करून विचारलं, कुठं आहे?

‘दिसत नाही आत्या,’ चिमटी म्हणाली, आणि काकांनी ते हातांनी सांगितलं.

ताई मागे टेकली. तिनं चिमटीकडे बोट केलं. दोन बोटं मिटायच्या ऐवजी ती आपल्या बाहीच्या काठाशी नेली आणि तिथून एक लांब धागा ओढला.

काकांचे हात मांडीवर पडले. बहिणीच्या खुणेचा अर्थ सांगायला त्यांना जन्मात कधी श्वासाएवढाही वेळ लागला नव्हता. चिमटी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

‘काय म्हणाली आत्या?’

‘आबांची खूण आहे ती,’ काका म्हणाले. ‘आबा गेल्यापासून तिनं कुणाला दिली नाही. मलाही नाही. मी अजून सुईच ओवतोय तिच्या लेखी.’

‘आणि आता?’

‘आता ती तुझी.’

आपल्याला वाईट वाटेल, निदान थोडं तरी, असं त्यांना वाटलं होतं. इतकी वर्षं वाट पाहिलेली गोष्ट डोळ्यांदेखत पुढे निघून गेली होती. पण आत पाहिलं तर तिथं नुसता अभिमान होता, मावेना इतका. सुई संपली नव्हती. त्यांच्याच घरात होती, त्यांच्याच खाटेशेजारी, आणि ते इतकी वर्षं जगभर सांगत सुटले होते की संपली.

पडद्यावर ताई हात हलवत होती. डोळे काय पुसतोस, ती म्हणत होती, हात तिकडे अडकवलेस तर बोलणार कशानं?

काकांनी डोळे तसेच सोडून दिले. दोन्ही हात मोकळे केले, आपल्या बाहीतून धागा ओढला आणि चिमटीकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. माझी. पुन्हा धागा, पुन्हा बोट, पुन्हा छाती. कळलं, कळलं, असं ताई हसत हसत सांगत होती, तरी त्यांचे हात थांबत नव्हते.